जनमत घ्या म्हणता, पण कशावर?

गोंदियाहून रायपूरकडे जाणारी गाडी आमगाव आणि सालेकसा मागे टाकते, दरेकसाच्या जंगलातून पुढे सरकते आणि डोंगरगडला पोचेपर्यंत राज्य बदललेलं असतं. पूर्वी तिथे मध्य प्रदेश होता, १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड आहे. नवं राज्य हवं की नको, हे तिथल्या माणसाला मतपेटी ठेवून कोणी विचारलं नव्हतं. संसदेने कायदा केला आणि राज्य झालं. इकडे गोंदियाच्या बाजूला वेगळ्या विदर्भ राज्याची मागणी त्याहून कितीतरी जुनी. ठराव झाले, करार झाले, आयोग बसले, समित्यांचे अहवाल आले. राज्य मात्र झालं नाही आणि लोकांना विचारायचंही राहूनच गेलं.

म्हणून दर काही वर्षांनी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘घ्या ना एकदाचं जनमत, होऊन जाऊ द्या!’ आणि चहाच्या टपरीवर त्याला तितकंच हमखास उत्तर मिळतं: ‘काय होते जी त्यानं? बोलणारे बोलत राहतात.’ पहिल्या वाक्यात अधीरता आहे आणि दुसऱ्यात वैताग, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी असतात. सार्वमत म्हणजे नेमकं काय, आपल्याकडे ते कधी झालं, आणि त्याआधीच्या चर्चेला लोक इतके का विटतात, हे पाहिलं की या दोन्ही वाक्यांमागचं कारण एकच असल्याचं दिसतं.

मागणी जुनी, मतदान कधीच नाही

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने १ ऑक्टोबर १९३८ रोजी वेगळ्या महाविदर्भाचा ठराव मंजूर केला. पुढे ८ ऑगस्ट १९४७ ला अकोला करार झाला आणि २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार. दोन्ही करारांचा सूर असा की एकत्र यायचं तर विदर्भाच्या वाट्याचं काय, हे आधी ठरवून घ्यावं. नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्याची मुळं या दुसऱ्या करारात आहेत. न्या. फझल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचं स्वतंत्र राज्य करावं, अशी स्पष्ट शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाचं एकच मोठं राज्य करण्याऐवजी चार भाग सुचवले. त्यांतला पूर्वेकडचा भाग म्हणजे स्थूलमानाने विदर्भच.

प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. आजचा गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्याचा भाग होता. भंडाऱ्यातून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. बाजार, सोयरीक, शेती सगळं एकमेकांत गुंतलेल्या या मुलखात सीमारेषा आखताना भाषा हा निकष धरला गेला. पण इथे घरात पोवारी किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी माणसं काही कमी नव्हती आणि आजही नाहीत. त्यांना कोणत्या बाजूला राहायचं आहे, हा प्रश्न मतपत्रिकेवर कधी आला नाही.

निवडणुकीत मात्र तो वारंवार आला. लोकनायक बापूजी अणे १९६२ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले ते विदर्भाचा झेंडा घेऊनच. जांबुवंतराव धोटे यांनी १९७१ मध्ये तिथूनच विजय मिळवला. भाजपने १९९७ साली भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. अण्यांचे नातू आणि राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांविषयी जाहीरपणे बोलल्यानंतर मार्च २०१६ मध्ये पद सोडावं लागलं. पक्ष कोणताही असो, विरोधात असताना विदर्भाची आठवण होते आणि सत्तेत आल्यावर ‘योग्य वेळ’ शोधली जाते, असा इथल्या माणसाचा अनुभव आहे. वैतागाची पहिली ठिणगी इथलीच.

घटना काय सांगते

भारतीय राज्यघटनेत नवं राज्य करण्याचा रस्ता अनुच्छेद ३ मध्ये दिलेला आहे. संसद साध्या कायद्याने राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते, नावही बदलू शकते. विधेयक आणण्याआधी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात आणि मत देण्यासाठी मुदत घालतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. सार्वमताचा उल्लेख या अनुच्छेदात कुठेही नाही.

या तरतुदीची कसोटी आपल्याच राज्याच्या जन्माच्या वेळी लागली. १९५६ मध्ये मुंबई विधानसभेचं मत घेतलं गेलं ते तीन वेगळ्या घटकांच्या प्रस्तावावर, आणि संसदेने मंजूर केलं ते एकच द्वैभाषिक राज्य. ‘बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात याला आव्हान दिलं गेलं. विधेयकात दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा विधिमंडळाकडे जाण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. म्हणजे विधानसभेला विचारलं एक आणि झालं दुसरं, तरी ते कायद्यात बसतं. मग सामान्य मतदाराचं म्हणणं बंधनकारक मानण्याचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा ‘जनमत घ्या’ ही मागणी कायद्यातल्या एखाद्या कलमाची अंमलबजावणी मागत नाही. तिच्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागेल आणि त्या कौलाला किती वजन द्यायचं, तेही त्यातच लिहावं लागेल. असा कायदा एकदा झालेला आहे, तोही एका मराठी वादासाठी.

फूल आणि दोन पानं

स्वतंत्र भारतात सार्वमतं झाली ती बोटावर मोजण्याइतकी. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये एकूण १,९०,८७० मतं पडली, त्यांपैकी पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१. चंद्रनगरमध्ये जून १९४९ ला ७,४६३ विरुद्ध ११४. सिक्कीममध्ये १० एप्रिल १९७५ ला विधानसभेने ठराव केला आणि १४ तारखेला मतदानही उरकलं: ५९,६३७ विरुद्ध १,४९६. मधल्या चार दिवसांत चर्चा ती काय होणार! या तिन्ही ठिकाणी प्रश्न भारतात येण्याचा होता आणि निकाल आधीच कळल्यासारखा होता. दोन्ही बाजू तुल्यबळ आणि उत्तर खरोखर अनिश्चित, असा कौल एकच झाला: १६ जानेवारी १९६७, गोवा.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाचा मुख्य मुद्दा महाराष्ट्रात विलीनीकरण हा होता. निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला, असं पक्षाचं म्हणणं. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला ते मान्य नव्हतं. लोकांनी सरकार निवडलं, राज्याचं भवितव्य निवडलेलं नाही, तेव्हा त्यावर वेगळं मत घ्या, अशी त्यांची मागणी. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

मतपत्रिका साधी होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. प्रचार मात्र मुळीच साधा नव्हता. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ विरोधात. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत, आणि विशेष म्हणजे हे विरोधाचं लेखन मराठीतूनच होत होतं. मराठी वाचणाऱ्या हिंदू बहुजन मतदारालाच ते समजावत होते. उल्हास बुयांव आणि त्यांचे सहकारी गावोगाव गात फिरत होते. मराठी की कोकणी, नोकऱ्या कोणाला मिळतील, कुळांच्या जमिनीचं काय होईल, महाराष्ट्रातली दारूबंदी इकडेही लागू होईल का, हे सगळे वाद त्या दोन चिन्हांत कोंबले गेले.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे सुमारे ८२ टक्के. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

खरी गंमत पुढे आहे. मार्च १९६७ मध्ये विधानसभा निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं. विलीनीकरण नको पण भाऊसाहेब हवेत, असं गोव्याने दोन महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या मतपत्रिकांवर सांगितलं. लोकांना प्रश्न वेगळे करून दिले तर ते उत्तरंही वेगळी देतात. सार्वमताच्या बाजूने याहून चांगला पुरावा आपल्या इतिहासात नाही.

मर्यादाही तिथेच दिसते. गोव्याचं स्वतंत्र राज्य हवं असणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चिन्हच नव्हतं. त्यांना दोन पानांवर शिक्का मारून थांबावं लागलं. राज्य मिळालं ३० मे १९८७ ला, वीस वर्षांनी. भाषेचा वाद तर ऐंशीच्या दशकात नव्याने पेटला. कौलाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच्या आडोशाने आलेले बाकीचे प्रश्न जिथल्या तिथे राहिले.

आश्वासन आहे, जामीन नाही

आता वैतागाकडे वळू. सार्वमताआधीची चर्चा निवडणुकीच्या प्रचारापेक्षा जास्त चिडवणारी असते, याला एक साधं कारण आहे. निवडणुकीत आश्वासन देणारा उमेदवार पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो. त्याला धरता येतं, पाडता येतं. सार्वमतात आश्वासन देणारा निवडूनच येत नसतो. कौल कुठेही गेला तरी ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ म्हणून जाब विचारायला समोर कोणी उरत नाही.

ब्रिटनने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर २३ जून २०१६ ला मतदान झालं. ‘संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ’ असं लिहिलेली लाल बस देशभर फिरली. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं तिथल्या अधिकृत सांख्यिकी संस्थेने मतदानाआधीच सांगितलं होतं. तरी बस फिरत राहिली, कारण ती सरकारची नव्हती, प्रचार करणाऱ्या संघटनेची होती. दुसऱ्या बाजूनेही भीती घालण्यात कसर ठेवली नाही. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागला आणि मग खरा प्रश्न पुढे आला: बाहेर म्हणजे नेमकं कुठे? व्यापाराचं काय, आयर्लंडच्या सीमेचं काय? ते ठरवता ठरवता साडेतीन वर्षं गेली आणि दोन पंतप्रधान गेले. मतपत्रिकेवर शब्द होते ‘राहा’ आणि ‘सोडा’. ‘सोडा’ म्हणणाऱ्यांच्या मनात बाहेरच्या जगाची वेगवेगळी चित्रं होती आणि त्यांतलं एकही मतदानाआधी कोणी कागदावर बांधून दिलेलं नव्हतं.

विदर्भाच्या चर्चेतही हेच घडतं, फक्त मतदानाशिवाय. बाजूने बोलणारा सांगतो, राज्य झालं की सिंचनाचा अनुशेष भरेल, विजेचा पैसा इथेच राहील, पोरांना नोकऱ्या लागतील. विरोधात बोलणारा सांगतो, तुमचं उत्पन्न पुरणार नाही, कर्जात बुडाल, मराठी माणूस दुभंगेल. दोघांच्याही वाक्याला जामीन नाही.

एका एकराचा हिशेब

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्यायचं तर धानाचं घ्यावं. गोंदियाच्या सीमेवरच्या गावांत वेगळ्या राज्याच्या बाजूने सर्वांत जोरात सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे ‘तिकडे पाहा, छत्तीसगडात धानाला काय भाव आहे!’

२०२३-२४ च्या हंगामात साध्या धानाची आधारभूत किंमत होती क्विंटलला २,१८३ रुपये, देशभर एकच. छत्तीसगड सरकारने त्यावर ९१७ रुपये घालून ३,१०० चा भाव दिला, एकरी २१ क्विंटलपर्यंत. महाराष्ट्राने त्या हंगामात क्विंटलमागे न देता हेक्टरी २०,००० रुपये बोनस जाहीर केला, दोन हेक्टरच्या मर्यादेत. समजा, एका एकरात १५ क्विंटल धान झालं. पलीकडच्या शेतकऱ्याला मिळतात ४६,५०० रुपये. अलीकडच्याला ३२,७४५ आणि बोनसचे सुमारे ८,१००, मिळून ४०,८०० च्या आसपास. फरक साडेपाच हजारांहून जास्त. पीक १५ ऐवजी २१ क्विंटल आलं तर हा फरक ११ हजारांच्या पुढे जातो. बांधापलीकडे नजर टाकली की हा आकडा दिसतो, तेव्हा शेतकऱ्याचा राग खोटा नाही.

पण हा फरक नेमका कशामुळे पडला? छत्तीसगड झालं २००० साली. २,५०० चा गाजलेला भाव आला २०१८ ची निवडणूक झाल्यावर आणि ३,१०० चा आला २०२३ च्या निवडणुकीनंतर. म्हणजे राज्य झाल्यावरही अठरा वर्षं गेली, आणि नंतर भाव वाढला तो दोन पक्षांच्या चढाओढीत. धान हेच जिथलं मुख्य पीक, तिथे धानाचा भाव निवडणूक फिरवू शकतो. महाराष्ट्रात धान पिकतं ते मुख्यतः पूर्व विदर्भात आणि कोकणात, त्यामुळे मुंबईच्या सत्तेला धानाच्या भावाने धक्का बसत नाही. वेगळ्या राज्याच्या बाजूचा हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. मात्र तो ‘लहान राज्यात भाव मिळतो’ असा नाही. ‘लहान राज्यात धानवाल्याचं मत जड होतं, मग भाव मिळण्याची शक्यता वाढते’ असा आहे. आणि वेगळ्या विदर्भात कापूस आणि सोयाबीन पिकवणारे जिल्हे धानाच्या जिल्ह्यांपेक्षा जास्त असतील, हेही त्यासोबतच सांगितलं पाहिजे. नागपूरची सत्ता गोंदियाचं ऐकेल की यवतमाळ-अमरावतीचं? भाषणात हा प्रश्न येत नाही. धान लावणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो असतो, आणि भाषण ऐकून तो जांभई देतो ते त्यामुळे.

खासगी कौलाची गोष्ट

सरकार विचारत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतःच विचारून पाहिलं. २०१३-१४ च्या सुमारास जनमंच या संघटनेने अमरावती, नागपूर अशा शहरांत मतपेट्या ठेवून वेगळ्या विदर्भावर जनमत चाचण्या घेतल्या. स्वयंसेवक, मतपत्रिका, जाहीर मोजणी असा सगळा थाट होता आणि कौल प्रचंड बहुमताने वेगळ्या राज्याच्या बाजूने आला. प्रश्न जिवंत आहे, हे दाखवण्यासाठी असा प्रयत्न उपयोगी ठरतो. पण तिथे मत द्यायला मुख्यतः तोच येतो, ज्याला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. विरोध असणारा फिरकत नाही, कारण निकालाने काही बदलणार नाही हे त्याला माहीत असतं. दोन्ही बाजूंनी जोर लावून प्रचार केला नाही तर जिंकलेल्या बाजूलाही आपलं खरं बळ कळत नाही. गोव्यात दोन्ही बाजूंना हरण्याची भीती होती, म्हणून ८२ टक्के लोक घराबाहेर पडले.

उभी बाटली, आडवी बाटली

सार्वमत म्हणजे आपल्याला न झेपणारी परदेशी चैन, असं कोणाला वाटत असेल तर त्याने गावातल्या दारूबंदीच्या मतदानाकडे पाहावं. महाराष्ट्रात गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायचं असेल तर एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिला सह्यांचा अर्ज देऊ शकतात. उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, तारीख लागते, मतदान गुप्त होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद.

इथला निकष जरा निरखून पाहण्यासारखा आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्या महिलांपैकी निम्म्या. यादीत हजार जणी असतील तर पाचशेहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर हवेत. घरी बसलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानाच्या बाजूला धरली जाते. म्हणून बचत गटाच्या महिला दारोदार फिरून एकेकीला मतदानाला आणतात. नियम कडक आहे, पण सगळ्यांना आधीच माहीत आहे. कोणतं दुकान, कोणाचा परवाना, किती मतं हवीत, निकालानंतर काय होणार, कोणाच्या सहीने होणार, यांतलं काहीही मोघम नाही. त्यामुळे चर्चा कितीही तापली तरी ती भलतीकडे भरकटत नाही.

मत देऊन काम संपतं असं मात्र इथेही नाही. दुकान बंद झालं की चोरटी दारू येते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला पुन्हा त्याच महिलांना उभं राहावं लागतं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली. ती लागू करताना किंवा उठवताना मतपेटी ठेवली गेली नव्हती.

दुसरे काय शिकले

ज्या देशांनी सार्वमतं पुष्कळ घेतली, त्यांनी ठेचा खाऊन काही नियम केले. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून तीन-चार वेळा मतदान होतं. प्रत्येक मतदाराच्या घरी काही आठवडे आधी सरकारी पुस्तिका येते. तीत प्रस्तावाचा मजकूर, सरकारची बाजू आणि विरोधकांची बाजू असं सगळं छापलेलं असतं. विरोधकाचं म्हणणंही सरकारी खर्चाने घरपोच जातं.

आयर्लंडने गर्भपाताच्या प्रश्नावर वेगळा मार्ग धरला. आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे ९९ सामान्य नागरिक निवडले. त्यांनी डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांना समोर बसवून प्रश्न विचारले आणि शिफारस केली. मग संसदेने चर्चा केली आणि मंजुरी मिळाल्यास येणाऱ्या कायद्याचा आराखडा मतदानाआधीच प्रसिद्ध झाला. मे २०१८ मध्ये ६६.४ टक्क्यांनी निर्णय झाला. विषय अत्यंत नाजूक होता, पण निकालानंतर ‘आता याचा अर्थ काय’ असा घोळ झाला नाही.

कॅनडात क्वेबेक प्रांताने १९९५ मध्ये वेगळं होण्यावर मत घेतलं. ५०.६ विरुद्ध ४९.४ टक्के, असा अगदी काठावर प्रांत देशात राहिला. प्रश्नाची वाक्यरचनाच इतकी लांबलचक आणि गुळमुळीत होती की नेमकं कशाला होकार द्यायचा, यावर वाद होता. त्यानंतर कॅनडाच्या संसदेने २००० साली कायदा केला. प्रश्न स्पष्ट आहे का आणि बहुमत स्पष्ट आहे का, हे संसद तपासेल आणि मगच वाटाघाटी होतील, असं त्यात लिहिलं.

विदर्भाचा प्रश्न मांडायचा तर

समजा, उद्या संसदेने ठरवलं की विदर्भात कौल घ्यायचा. मतपत्रिकेवर नुसतं ‘वेगळा विदर्भ हवा की नको’ असं छापलं तर ब्रिटनच्या वाटेने जाण्याची खात्री. त्याआधी काय लिहून हवं, याचा धडा तेलंगणात आहे.

२ जून २०१४ ला तेलंगणा झालं, तेही सार्वमताशिवाय. पण पुनर्रचनेच्या कायद्यात वाटणी लिहिलेली होती. हैदराबाद दहा वर्षं दोन्ही राज्यांची राजधानी राहील, कर्ज आणि बऱ्याच मालमत्तेची विभागणी लोकसंख्येच्या प्रमाणात, ५८.३२ आणि ४१.६८ टक्के अशी होईल, नद्यांसाठी मंडळं असतील. इतकं लिहूनही कृष्णेच्या पाण्याचा वाद मिटला नाही. मग काहीच न लिहिता वेगळं झालं तर काय होईल, याची कल्पना करावी.

विदर्भाच्या बाबतीत त्या कागदावर महाराष्ट्राच्या कर्जातला वाटा लागेल. सिंचनाच्या अपुऱ्या कामांचा खर्च कोण उचलणार, ते लागेल. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा अपेक्षित खर्च ३७२ कोटी होता. आज तो हजारो कोटींत आहे आणि कालवे अजून पुरे नाहीत. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पासारख्या ठिकाणी वीज तयार होते इथे आणि वापरली जाते दूरवर. त्या विजेच्या करारांचं काय होणार, हे लागेल. बाघ प्रकल्पाच्या पाण्याचा करार शेजारच्या राज्याशी आहे, तो नव्या राज्याकडे कसा येणार, हेही लागेल. विकासाच्या असमतोलावर दांडेकर समिती १९८४ मध्ये बोलली, केळकर समिती २०१३ मध्ये बोलली. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खालचं विकास मंडळ १९९४ मध्ये आलं आणि त्याची मुदत २०२० मध्ये संपली. आकड्यांची कमतरता नाही. ते मतदाराला वाचता येतील अशा पंधरा-वीस पानांत, दोन्ही बाजूंच्या सहीनिशी, कोणी दिलेले नाहीत. एकत्र राहायचं म्हणणाऱ्यांनीही लिहून दिलं पाहिजे की राहिलो तर अनुशेष किती वर्षांत भरणार आणि नाही भरला तर काय. ‘आहे तसंच राहू द्या’ या पर्यायालाही हिशेब द्यावा लागतो. गोव्याने तेच दाखवलं: केंद्रशासित राहण्याला मत दिलेल्या माणसालाही पुढे वीस वर्षं वाट पाहावी लागली.

म्हणून इथून पुढे कोणी व्यासपीठावरून ‘जनमत घ्या’ म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मतपत्रिकेवर पर्याय कोणते असतील आणि ते कोणी ठरवले? प्रत्येक पर्यायाचा जमाखर्च कुठे छापलेला आहे आणि खाली कोणाची सही आहे? कौल संसदेला बांधणारा आहे की नुसता सांगण्यापुरता? दारूच्या दुकानाबाबत बचत गटातली बाई या तिन्ही प्रश्नांची उत्तरं घेऊनच सह्यांसाठी घराबाहेर पडते. राज्य मागणाऱ्या आणि नाकारणाऱ्या पुढाऱ्यांकडून तेवढी तयारी मागायला काही हरकत नाही. ती मिळेपर्यंत गोंदियातल्या माणसाने या चर्चेला वैतागणं रास्तच आहे. त्याचा राग त्याच्या मतावर नाही, ज्यावर मत द्यायचं तो कागद कोरा ठेवणाऱ्यांवर आहे.